कल्याण ते नाणेघाट : पावसाच्या वाटेने

मुलांनो, आधी एक कोडं घालते. एका डोंगराच्या माथ्यावर पावसाचे दोन थेंब पडले. दोघांत अंतर जेमतेम वीतभर. पहिला थेंब पश्चिमेला घरंगळला, ओढ्यातून नदीत आणि नदीतून थेट अरबी समुद्रात गेला. दुसरा पूर्वेला घरंगळला. त्याने महाराष्ट्र ओलांडला, कर्नाटक, तेलंगण, आंध्र पाहिलं आणि खूप दिवसांनी तो बंगालच्या उपसागराला जाऊन मिळाला. तर सांगा, हा डोंगर कोणता?

“सह्याद्री!” असं तुम्ही ओरडून सांगाल, आणि ते बरोबरच आहे. पण एकाच जागी उभं राहून ‘हे पाणी तिकडे, ते पाणी इकडे’ असं बोटाने दाखवायचं असेल, तर नाणेघाटासारखी जागा नाही. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला हा घाट आहे. पूर्वेकडचं पाणी कुकडी, घोड, भीमा, कृष्णा अशा चार नद्यांचे हात धरत जातं. पश्चिमेकडचं पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यात उतरून खाडीला मिळतं.

पण आज मला फक्त पाण्याची गोष्ट सांगायची नाही, रस्त्याचीही सांगायची आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथून बैल, गाढवं आणि माणसं माल वाहून नेत होती. आम्ही मात्र जीपने गेलो, तेही भर श्रावणात! ताई, भाऊजी, सातवीतली भाची, चौथीतला भाचा आणि मी. परत येताना मला एक गोष्ट पक्की पटली. या रस्त्याचा खरा कारभारी कुणी राजा नाही, पाऊसच आहे. कसा ते बघा.

वारा आला, गलबत आलं

सुरुवात कल्याणपासून. आज कल्याण म्हटलं की लोकलची गर्दी आठवते. पण इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती देणारं एक पुस्तक लिहिलं. त्याला ‘पेरिप्लस’ म्हणतात. त्यात आपल्या ओळखीची नावं सापडतात : कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर!

तांबड्या समुद्रातून निघालेली जहाजं इथवर कशी यायची? त्या काळी इंजिन नव्हतं, होतं ते शीड. आपल्याकडे पाऊस आणणारा नैर्ऋत्य मोसमी वारा हीच त्यांची मोटार. उन्हाळ्याच्या शेवटी तिकडून निघायचं, पावसाळा सरता सरता इकडच्या किनाऱ्याला लागायचं, आणि हिवाळ्यात वारा उलटा फिरला की माल भरून परत जायचं. म्हणजे जो वारा तुमच्या शाळेच्या पहिल्या दिवशी तुमची छत्री उलटी करतो, त्याच वाऱ्यावर परदेशचा व्यापार चालायचा.

माल किनाऱ्यावर उतरला. आता तो पैठणला, म्हणजे सातवाहन राजांच्या राजधानीला न्यायचा, तर मध्ये सह्याद्रीची भिंत उभी! त्या भिंतीतली एक खिंड म्हणजे नाणेघाट. आणि घाट चढून वर आलं की पहिली मोठी पेठ जुन्नर.

माळशेजची भिंत

कल्याणहून मुरबाडमार्गे निघालो तेव्हा पाऊस रिमझिम होता. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. गुडघाभर चिखलात वाकून बायका आवण लावत होत्या. पाठीवर कुणाच्या इरलं, कुणाच्या प्लॅस्टिकचा कागद. टोकावडे मागे पडलं, वैशाखरे आलं. इथून उजव्या हाताला, डोंगरात, जुन्या नाणेघाटाची पायवाट चढते. ढग नसतील तर वर ‘नानाचा अंगठा’ नावाचा सुळका दिसतो. आम्हाला काही दिसला नाही. ढगांनी सगळा डोंगरच पांघरुणात घेतला होता.

गाडीरस्ता मात्र पुढे माळशेज घाटाने चढतो. घाट लागला आणि पाऊस असा कोसळायला लागला, की वायपर दमले! भाचा म्हणाला, “मावशी, मघाशी तर एवढा नव्हता. इथेच का?”

प्रश्न शंभर नंबरी होता. समुद्रावरून आलेला वारा वाफेने भरलेला असतो. पुढे डोंगर आडवा आला की त्याला वर चढावं लागतं. वर गेला की तो थंड होतो. थंड हवेला तेवढी वाफ सांभाळता येत नाही, मग ढग दाटतात आणि तिथेच रिकामे होतात. घाटमाथा ओलांडून वारा पलीकडे उतरतो तेव्हा त्याच्या झोळीत फारसं काही उरलेलं नसतं. म्हणूनच जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला भात पिकतो, आणि पूर्वेला थोडंसंच अंतर गेलं की बाजरी दिसायला लागते. एका दिवसात तुम्ही हा फरक गाडीच्या खिडकीतून पाहू शकता.

घाटातले कडे नीट पाहिलेत तर त्यांना पायऱ्या दिसतील. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा रस पुनःपुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचले. आई थालीपिठावर थालीपीठ ठेवते ना, तसे! त्यातला एखादा थर टणक, एखादा ठिसूळ. ठिसूळ थर पावसाने झिजतो, टणक थर कड्यासारखा उभा राहतो.

हे दृश्य सुंदर आहे, पण धोक्याचंही आहे. पाणी मुरून जड झालेली माती उतारावरून सुटली की दरड कोसळते. ३० जुलै २०१४ रोजी शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव अशाच दरडीखाली गेलं आणि सुमारे दीडशे माणसं गेली. घाटात ज्या भागात ‘दरडप्रवण क्षेत्र’ अशी पाटी असते, तिथे भाऊजींनी गाडी थांबवली नाही. भाची धबधब्याखाली जायचं म्हणून रुसून बसली. तिला हे सांगितल्यावर ती गप्प झाली, आणि मग पुढचा अर्धा घाट तीच पाट्या मोठ्याने वाचत होती.

पावसात प्रवास बंद!

ओतूरकडून लेण्याद्रीला आलो. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून वर गेलं की गिरिजात्मजाचं देऊळ. अष्टविनायकांपैकी डोंगरातल्या लेण्यात असलेला हा एकमेव गणपती. मुळात हा बौद्ध भिक्षूंचा विहार. मधे मोठं दालन, भोवती छोट्या छोट्या खोल्या. शेजारच्या लेण्यात दगडाचा स्तूप आणि त्याच्यापुढे खांबांची रांग आहे.

जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत अशी दोनशेहून अधिक लेणी आहेत. “एवढी लेणी इथेच का?” हा भाचीचा प्रश्न. उत्तर पुन्हा पावसातच आहे. बौद्ध भिक्षू वर्षभर गावोगाव फिरायचे, पण पावसाळ्यात एका जागी मुक्काम करायचे. त्याला ‘वर्षावास’ म्हणतात. चिखलातून चालताना कोवळी रोपं आणि किडेमुंग्या पायाखाली येऊ नयेत, हाही त्यात हेतू. मग मुक्कामाला कोरडी जागा हवी, आणि भिक्षा मिळायला जवळ वस्ती हवी. व्यापारी वाटेवरचं जुन्नर त्यासाठी अगदी योग्य होतं.

आता गंमत बघा. आपण पाऊस पडला की सहलीला निघतो. त्या काळी पाऊस पडला की समुद्र खवळलेला, नद्यांना पूर, बैलगाड्या रुतलेल्या. सगळीकडे थांबा!

या लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत छोटे छोटे लेख कोरले आहेत. कुणी काय दान दिलं त्याची ही पावतीच. त्यांत राजे कमी, साधी कामधंदा करणारी माणसं जास्त. एका लेखात कल्याणचा एक सोनार भेटतो. संघक त्याचं नाव. म्हणजे आम्ही सकाळी जिथून निघालो, तिथलाच हा माणूस! त्याने काय दिलं असेल? सोन्याचा दागिना? नाही. त्याने दिली ‘पोढी’. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे परदेशातून आलेल्या माणसाने, तर अशी दोन टाकी दिली.

हे ऐकून भाचा जरा हिरमुसला. “बस्स? पाणीच दिलं?”

बाहेर धो धो पाऊस. छतावरून, पायऱ्यांवरून, डोंगरावरून नुसतं पाणी वाहत होतं. अशा वेळी पाण्याचं दान म्हणजे समुद्रात घागर ओतण्यासारखंच वाटणार! मी त्याला म्हटलं, “डोळे मीट आणि वैशाख महिना आण. ऊन मी म्हणतंय. तू घाट चढून आलायस. पाठीवर ओझं आहे. नदी आटली आहे. आता सांग, तुला सोनं हवं की पाणी?”

“पाणी,” तो म्हणाला. मग लगेच, “आणि थोडंसं सोनं.”

किल्ला राखायचा तर टाकं हवं

दुसऱ्या दिवशी शिवनेरी. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म इथे झाला, हे तुम्हाला पाठच आहे. आता एक कमी माहितीची गोष्ट. ज्या किल्ल्यात महाराज जन्मले, तो किल्ला त्यांच्या हयातीत स्वराज्यात येऊ शकला नाही. त्यांनी प्रयत्न केले, पण शिवनेरी मोगलांच्याच हातात राहिला. मराठ्यांच्या ताब्यात तो आला पुढे शाहू महाराजांच्या काळात. इतका हा किल्ला बळकट! २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात शिवनेरी आहे.

बळकट कशामुळे? सात दरवाजे ओलांडून वर जावं लागतं, हे खरं. उभे कडे आहेत, हेही खरं. सतराव्या शतकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर इथे येऊन गेला. हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढा साठा गडावर आहे, असं त्याने लिहून ठेवलं. पण मुलांनो, धान्य कितीही असलं तरी भात शिजवायला पाणी लागतंच की! गडावर जागोजाग खोदलेली टाकी आहेत. गंगा-जमुना ही जोडटाकी तर प्रसिद्धच. माथ्यावर बदामी तलाव आहे. याच किल्ल्याच्या पोटात जुनी बौद्ध लेणी आहेत आणि त्यांचीही टाकी आहेत. राजवटी बदलल्या, माणसं बदलली, पण पावसाचं पाणी कातळात धरून ठेवायची युक्ती तीच राहिली. आपला काळा कातळ अखंड असला, भेगा नसल्या, की त्यातून पाणी गळत नाही.

अशाच एका टाक्याशी आम्ही थांबलो. हिरवट पाणी, वर पावसाचे थेंब नाचत होते. आणि त्यात तरंगत होत्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. भाच्याने मोजल्या : अकरा. त्याशिवाय वेफर्सची पाकिटं वेगळी.

तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “मावशी, पाण्याच्या टाक्यात पाण्याच्या बाटल्या?” मला त्याला द्यायला उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे का?

दगडातला हिशेब

जुन्नरहून नाणेघाट तीसेक किलोमीटर. वाटेत माणिकडोह धरणाचं पसरलेलं पाणी, एका बाजूला चावंड किल्ला, पुढे जीवधन. रस्त्याकडेला हिरड्याची झाडं. घाटघर मागे टाकून आपण एकदम कड्याच्या टोकाशी येतो. समोर जमीनच नाही! खाली ढग, आणि ढगाला भोक पडलं की त्यातून कोकण दिसतं.

इथे पावसाळ्यात उलटा धबधबा दिसतो. पाणी खाली पडण्याऐवजी वर उडतं. जादू नाही हो! कोकणातून येणारा जोराचा वारा कड्यावर आपटतो आणि वर उसळतो. धबधब्याची धार बारीक असली की तो तिलाच उचलून मागे फेकतो. हा वारा पाण्याला उचलतो, हे लक्षात ठेवा आणि कड्याच्या कडेला जाऊ नका. लांबूनही तो छान दिसतो.

वाटेजवळ दगडाचा एक भलामोठा रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून घेतलेली जकातीची नाणी यात टाकत, असं सांगतात. तिथून खिंडीत थोडं उतरलं की एक लेणं लागतं. त्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर एक मोठा लेख आहे, प्रत्येक भिंतीवर दहा ओळी. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या वेळचा हा लेख, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना. राजघराण्याने कोणते यज्ञ केले आणि त्यात किती दान दिलं, याची ती यादी आहे : १,७०० गाई, १० हत्ती, २४,४०० कार्षापण नाणी, आणि असंच आणखी बरंच. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता उरलेत फक्त पावलांचे अवशेष आणि वर कोरलेली नावं.

गणित आवडणाऱ्यांनी इथे कान टवकारा. या लेखातले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या आकड्यांपैकी आहेत. २ म्हणजे दोन आडव्या रेघा, एकाखाली एक. तेव्हा शून्य लिहायची पद्धत नव्हती. दहा, शंभर, हजार यांच्यासाठी वेगळ्या खुणा होत्या. ४०० लिहायचे तर शंभराच्या खुणेला चाराची खूण जोडायची. आता तुम्हीच पाटीवर २४,४०० शून्याशिवाय लिहून बघा, म्हणजे शून्याची किंमत कळेल!

१८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेखाकडे जगाचं लक्ष वेधलं. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर या विद्वानांनी तो वाचला. तरी आता बरीच अक्षरं झिजली, उडाली आहेत. जे उरलंय, त्यावर आपण बोटं फिरवायची नाहीत, खडू लावायचा नाही, आणि आपलं नाव तर मुळीच कोरायचं नाही. नागनिकेने हत्ती दान दिले म्हणून तिचं नाव तिथे आहे. आपण काय दिलंय?

“थांबत न्हाई बगा”

परतताना एका छपरात चहा घेतला. चुलीवर कणसं भाजणाऱ्या आजींना भाची म्हणाली, “आजी, तुमच्याकडे किती मज्जा! केवढं पाणी!”

आजी हसल्या. म्हणाल्या, “पानी लई हाय पोरी. पन थांबत न्हाई बगा. दारावरनं जातं. होळी झाली की हंडा घिऊन आमीच त्याच्या मागं.”

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या कितीतरी वाड्यांची हीच कथा आहे. जिथे सगळ्यात जास्त पाऊस पडतो, तिथेच उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली कातळ. पाणी मुरत नाही, पळून जातं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना हे कळलं होतं. म्हणून त्यांनी छिन्नी-हातोड्याने कातळ खोदून पळणाऱ्या पाण्याला थांबवलं.

असं एक टाकं किती कामाचं? चला, हिशेब करू. समजा टाकं ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २ मीटर खोल आहे. घनफळ १२ घनमीटर. एका घनमीटरात १,००० लिटर पाणी मावतं, म्हणजे १२,००० लिटर. एका वाटसरूला दिवसाला ५ लिटर धरले, तर २,४०० वाटसरूंची एका दिवसाची सोय! कल्याणच्या त्या सोनाराने केवढं दान दिलं, ते आता कळलं ना? आणि अशा टाक्यात आपण एक रिकामी बाटली टाकतो, तेव्हा काय करतो, तेही कळलं असेल.

या सुट्टीत करून बघा

तुमच्या गावात किंवा शहरात जुनं पाणी शोधा. बारव, आड, विहीर, तलाव, टाकं, पाणपोई, काहीही. आजी-आजोबांना विचारा, ते कुणी बांधलं? कधीपर्यंत वापरात होतं? कुणी मोठं माणूस सोबत घेऊनच जा, काठावर वाकू नका. लांबी-रुंदी पावलांनी मोजा, चित्र काढा, आणि सगळं एका वहीत लिहा. शाळा सुरू झाली की वर्गात वाचून दाखवा. एका वर्गात चाळीस मुलं असतील, तर गावाच्या पाण्याचा आख्खा इतिहास तयार होईल.

आणि आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. पावसाळी सहलीला जरूर जा, पण निघण्याआधी हवामानाचा इशारा बघा, घाट सुरू आहे का याची चौकशी करा. दरडीच्या जागी आणि कड्याजवळ फोटोसाठी थांबू नका. घरून स्टीलच्या बाटल्या भरून न्या, आणि एक रिकामी पिशवीही न्या. आपला कचरा त्या पिशवीतून घरी आला, तर पुढच्या उन्हाळ्यात कुणा तहानलेल्याला त्या टाक्याचं पाणी स्वच्छ मिळेल.